ओटीचा चेंडू

ताज्या शेणाने सारवलेली जमीन उन्हाला लागली की तिच्यातून एक कोवळा, गवताळ वास सुटतो. पहिल्या घटकेत तो ओला आणि जड असतो. ऊन चढते तसा हलका होत जातो, आणि जमीन पुरती वाळली की नाकाला जाणवेनासा होतो. गेल्या जानेवारीतल्या त्या सकाळी तो वास भाताच्या मोकळ्या खाचरातून येत होता. कापणी होऊन दोन महिने उलटले होते. आम्ही चौघीजणी पहाटेच खाली उतरलो, धसकटे उपटली, ढेकळे फोडली, चोपण्याने जमीन बडवून सपाट केली आणि शेणकाल्याचे हात फिरवले. कडक, गुळगुळीत जमीन कशी करायची याची आमच्या बायकांना एकच रीत ठाऊक आहे, खळ्याची. त्यामुळे आमची क्रिकेटची खेळपट्टीही खळ्यासारखीच होते. तिच्यावर रबरी चेंडू पडला की टप्प असा बसका, घरगुती आवाज येतो.

किन्हवलीपासून थोड्या अंतरावरच्या या गावात मी सून म्हणून आले त्याला बावीस वर्षे झाली. माहेर मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याकडे. शहापूरच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून बायकांचे सामने भरवायची कल्पना माझ्या धाकट्या जावेची. तिच्या हातात विलक्षण नेम आहे. आंब्याला एक दगड मारून नेमका पिकलेला पाडते. पहिल्या वर्षी दोन संघ होते, पुढे शहापूर-मुरबाडच्या सहा गावांतून बायका यायला लागल्या. साडीचा काचा मारून किंवा नवऱ्याची ट्रॅकपँट चढवून त्या खेळतात आणि जाताना प्रत्येकीला स्टीलचा डबा वाण म्हणून मिळतो.

या सामन्यांत एक रीत आपोआप रुजली. आमच्याच गावची मुलगी सासरच्या संघाकडून खेळायला आली, तर तिला पडणारा पहिला चेंडू ओटीचा. तो हळू, उंच, बॅटवर अलगद येईल असा टाकायचा. माहेरी आलेल्या मुलीला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, एवढाच त्यामागचा विचार. कुणी नियम केला नव्हता, पण एकदाही कुणी तो मोडला नाही. आमच्या संघाने त्यापायी धावा दिल्या, आणि दुसऱ्या गावांच्या संघांकडून आमच्या सुनांना तसेच चेंडू मिळालेही.

त्या जानेवारीत कल्याणकडचा एक माणूस आला. नीटनेटका, गोड बोलणारा, सोबत तिकाटण्यावर बसवायचे तीन कॅमेरे.

“वहिनी, सगळे सामने मोबाइलवर लाइव्ह दाखवतो. फुकट. जाहिरातीवर आमचं निघतं. तुमचे मुंबईचे, दुबईचे पाहुणे घरबसल्या बघतील.”

बायकांना हर्ष झाला. आजवर त्यांचा खेळ बघायला बांधावरच्या म्हशींखेरीज फारसे कुणी नसे. परवानगीचे पत्र त्याला मीच लिहून दिले. अगदी मन लावून लिहिले, ‘आमच्या भगिनींचे क्रीडाकौशल्य दूरवर पोहोचावे’ असे एक वाक्यही त्यात होते. ते वाक्य आठवले की अजून मान खाली जाते.

त्याची एकच अट होती. प्रत्येक चेंडूनंतर थांबायचे. तो हात वर करील तेव्हाच पुढचा चेंडू टाकायचा.

“कशाला?” जावेने विचारले.

“नेटवर्क स्लो आहे ना इकडे. चित्र मागे पडतं.”

दुसऱ्या षटकापासूनच बायका त्याची टर उडवू लागल्या. “अरं दादा, हात कर की वर! आमचं दुपारचं जेवान राहिलंय.” “त्याचा हात दुखतोय गो, काठी बांधा त्याला बुजगावण्यावानी.” तो हसे, कानातल्या यंत्रात काही पुटपुटे आणि मग सावकाश हात वर करी. मी माइकवर धावा सांगत होते. त्या रिकाम्या क्षणांत काही तरी बोलावे म्हणून समोरच्या डोंगरावर हललेल्या ढगाच्या सावलीबद्दल, पळसाला नुकत्याच धरलेल्या काळ्या कळ्यांबद्दल बोलत राहिले.

शेवटचा सामना म्हसा गावच्या संघाशी. शेवटचे षटक जावेचे. पाचव्या चेंडूवर त्यांची एकजण धावबाद झाली. एक चेंडू उरला, त्यांना दोन धावा हव्या होत्या. आणि बॅट घेऊन आली ती आमच्याच गावची मुलगी, चार वर्षांपूर्वी म्हशाला दिलेली. मैदानात हशा पिकला. सगळ्यांना कळले की आता काय होणार.

ती क्रीजवरूनच ओरडली, “मना ओटी नको गो! मी जिंकाया आलेय.”

“माहेरात येऊन नाय म्हणतेस? घे मुकाट्यानं!” जाऊ म्हणाली, आणि हसत हसत तो उंच, संथ चेंडू तिने सोडला. मुलीने डोळे मिटल्यासारखी बॅट फिरवली. चेंडू पेंढ्याच्या उडवीला जाऊन लागला. चार धावा. आम्ही हरलो आणि आमच्याच बायका नाचायला लागल्या. जावेने पळत जाऊन तिला उचलले. माझा माइक तेवढ्यात बंद पडला होता, पण तो पुन्हा चालू करावा असे मला वाटले नाही.

त्यानंतर चार दिवसांनी जावेचा फोन वाजू लागला.

तिचा नंबर सामन्यांच्या पत्रिकेवर होता, ‘संपर्क’ म्हणून. ती पत्रिका आयोजकांच्या माहितीसह कुठे कुठे पोहोचली होती. अनोळखी देशांचे आकडे असलेल्या नंबरांवरून संदेश येत होते. काही लिप्या मला ओळखूही आल्या नाहीत. एक हिंदीत होता, तो मात्र नीट समजला: ‘कितने में बिकी?’ त्याला एक चित्रफीत जोडलेली होती. तोच चेंडू, अतिशय सावकाश केलेला. आधी तिचा हात, मग चेहरा, मग हळूहळू उमलत जाणारे हसू. हसू पूर्ण उमलले की चित्र थांबायचे आणि त्याभोवती लाल वर्तुळ यायचे.

जाऊ मला म्हणाली, “ताई, मी अशी हसते?”

काय चालले आहे ते म्हशाच्या त्या मुलीच्या दिराकडून कळले. तो आखातात वायरमनचे काम करतो. त्याच्या खोलीतल्या परदेशी सोबत्याच्या मोबाइलवर त्याला आमचे खाचर दिसले होते. चित्र आमचे, पण शेजारी सतत बदलणारे आकडे. पुढच्या चेंडूवर धाव की बळी, यावर जगभरातून कुणीही पैज लावत होते. माझा आवाज काढून टाकला होता. त्या जागी ढोलकीसारखे संगीत आणि एका पुरुषाचे इंग्रजी. कॅमेरेवाल्याचा हात कशासाठी वर जायचा ते तेव्हा लक्षात आले. आम्ही पळसाच्या कळ्या बघत थांबायचो, ती वेळ दूरदेशीच्या माणसांना पैज लावण्यासाठी दिलेली होती. शेवटच्या चेंडूवर ‘बळी’ लावून हरलेल्यांना तो ओटीचा चेंडू म्हणजे उघडउघड लबाडी वाटली. त्यांना दुसरे काय वाटणार? ओटी म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

कॅमेरेवाल्याचा फोन बंद.

एरवी आम्ही हे गिळून टाकले असते. पण जावेने त्याच हिवाळ्यात पोलीस पाटलाच्या जागेसाठी अर्ज केला होता. गावाला आजवर बाई पोलीस पाटील झालेली नाही. लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. चुलीवर भात रटरटत असताना पाटावर पुस्तक उघडे ठेवून तिने कलमे पाठ केली, मी तिची उजळणी घेतली. मुलाखतही झाली. आता उरली होती ती चारित्र्य पडताळणी, म्हणजे पोलिसांकडून ‘हिच्याविरुद्ध काही नाही’ एवढा एक कागद. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “आमची धाकटी पोलीस व्हनार हाय. आता कोन बांध कोरतो ते बघते.”

म्हणून तक्रार करू या असे मी म्हटले. मीच म्हटले. शिकलेली मी, कायद्यावर विश्वास ठेवणारीही मी. नुकताच देशात असल्या पैजांवर बंदी घालणारा कडक कायदा झाल्याचे मी वर्गात मुलांना वर्तमानपत्रातून वाचून दाखवले होते. सरकारच्या संकेतस्थळावर तक्रारीचा नमुना उघडला. त्यात संबंधित व्यक्तीचे नाव आणि मोबाइल नंबर भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. कुणाचे भरू? जुगाराच्या संकेतस्थळाला माणसाचे नाव नव्हते. कॅमेरेवाल्याने सांगितलेले नाव खरे की खोटे ठाऊक नव्हते, आणि त्याचा बंद नंबर टाकला तर नमुना तो नाकारत होता. संध्याकाळ झाली, नेटवर्क जात-येत होते. शेवटी मी जावेचे नाव आणि नंबर भरला. त्रास तिलाच झाला होता, संबंधित तीच, असा माझा साधा विचार. पान पुढे सरकले. मला सुटल्यासारखे वाटले.

जगभर पसरलेल्या त्या सगळ्या व्यवहारात आता कागदावर एकच नाव होते, आणि ते मी माझ्या हाताने लिहिलेले.

पुढचे तीन महिने मी पत्रे लिहिली. संकेतस्थळाच्या तळाशी एक शिक्का होता, दूरच्या समुद्रातल्या एका बेटाचा. त्या बेटाने म्हणे परवाना दिला होता. बेट नकाशावर शोधायला मला शाळेतले भिंग लागले. शब्दकोश घेऊन इंग्रजी पत्र लिहिले: आमच्या बायकांचे चित्र आमच्या संमतीशिवाय वापरले आहे, ते काढावे; तो चेंडू आमच्या रीतीचा होता. ओटी हा शब्द इंग्रजीत कसा सांगावा यावर एक अख्खी दुपार गेली. अकरा दिवसांनी उत्तर आले, अतिशय सभ्य भाषेत. परवानाधारक कंपनी तुमच्या देशात सेवा देत नाही, सबब तुमच्या देशातील तक्रार आमच्या कक्षेत येत नाही. तथापि आपण कंपनीचे ग्राहक असल्यास खाते क्रमांक कळवावा.

म्हणजे दाद मागायची तर आधी जुगार खेळायला हवा होता. मी ते पत्र जावेला मराठीत वाचून दाखवले. ती भाकरी थापत होती. तिने परातीतला हात थांबवला.

“मग आमी कोन त्यांचे? खेळलो आमी, आनी गिऱ्हाईक दुसरा?”

सरकारने ते संकेतस्थळ बंद केले, हेही खरे. आठवड्याभराने ते नावापुढे एक आकडा लावून पुन्हा उघडले. जावेचे हसू तिथेही होते, लाल वर्तुळासकट. मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा बंद झाले. पुन्हा आकडा वाढला. उन्हाळा चढत गेला, खाचरातली सारवण भेगाळली, तिचे पापुद्रे वाऱ्याने उडाले. दर तक्रारीनंतर माझ्या मोबाइलवर एकच संदेश यायचा की तक्रार योग्य त्या कक्षाकडे वर्ग केली आहे. हा योग्य कक्ष कुठे आहे, त्याला खिडकी आहे का, तिथे एखादा माणूस बसतो का, हे विचारायला मी जिल्ह्याच्या गावी दोन रजा घालवून आले. तिथला तरुण अधिकारी मनापासून बोलला. “मॅडम, कंपनी एका देशात, मशीन दुसऱ्या देशात, पैसे तिसऱ्यातून फिरतात. आम्ही पत्र दिल्लीला पाठवतो, दिल्ली तिकडं पाठवते. उत्तर आलं तर आलं. इथं बसून आमचा हात तिकडं पोचत नाय.” त्याच्या टेबलावर तशा पत्रांची चळत होती. तिच्यावर वजन म्हणून ठेवलेला नदीतला गोटा होता, आणि वरच्या कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

हात तिकडे पोहोचत नव्हता, पण आमच्या गावात मात्र पोहोचला. मे महिन्यात जावेला जबाबासाठी बोलावले. पडताळणीसाठी तिचे नाव यंत्रात घातले, तेव्हा ऑनलाइन जुगाराच्या तक्रारीत ते निघाले होते.

म्हशाची मुलगीही त्याच सुमारास फोनवर रडली होती. सासरी तिला ऐकवले जात होते, “तुझ्या माहेरानं मॅच इकली, नायतर तू कसली चौका मारतेस!” कपाटावर ठेवलेला वाणाचा डबा तिने खाली उतरवून धान्याच्या कोठीमागे सरकवला होता. जाऊ तिच्याशी बराच वेळ बोलली. मी फक्त शेवटचे ऐकले: “कोनी काय पन बोलू दे. ती ओटी होती. मी दिली, तुनी घेतली.”

चौकीतल्या खोलीत दुपारी पत्रा तापला होता. जुन्या फायलींना येतो तसा कुबट वास, त्यात खिडकीबाहेरच्या करवंदांच्या पाट्यांचा आंबट वास मिसळलेला. आमच्यासमोर बसलेले हवालदार पन्नाशीचे, गावे-वाड्या पायी फिरलेले. त्यांनी आम्हाला माठातले पाणी दिले, मोबाइलवर ती चित्रफीत दोनदा पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

मी त्यांना सगळे सांगितले. रीत, माहेरवाशीण, कॅमेरेवाल्याचा हात, बेटाचे पत्र. पत्रांची फाईलही नेली होती. त्यांनी ती चाळली, एका पत्रावर थोडे थांबले.

“मॅडम, मला सगळं समजतं. माझी पण बहीण येते ना माहेराला. पण याच्यात रीतीचा रकाना नाय.” त्यांनी छापील कागद आमच्याकडे वळवला. “तो बॉल हातून सुटला की मुद्दाम टाकला, एवढंच विचारलंय. हातून सुटला लिहा. खेळात सुटतो. मी आत्ता सही मारतो, शुक्रवारी कागद प्रांत ऑफिसला जातो, महिन्यात बाई पाटील.”

“आणि मुद्दाम लिहिलं तर?”

“तर मग प्रश्न येतो कुणासाठी टाकला, कुणी सांगितलं. कागद जिल्ह्याला जाणार. ते म्हणणार, परदेशातून माहिती येऊ दे.” त्यांनी माझ्या फाईलवर बोट ठेवले. “ती किती येते ते तुमीच बघितलंय. जागेची यादी जून अखेर संपते. मग खालच्या नंबरचा माणूस लागंल.”

जावेने त्या दिवशी मुलाखतीचीच साडी नेसली होती, निळी, कडक इस्त्रीची. पदराचे टोक ती बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

“खोटं कुठंय त्यात?” मी तिच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले. “चेंडू तुझ्या हातातूनच गेला. एका ओळीचा प्रश्न आहे. त्या लोकांना आपली रीत सांगून काय उपयोग? मी तीन महिने सांगतेय, कुणाला ऐकू जात नाही.” बोलता बोलता माझा आवाज चढला. मला राग त्या बेटाचा होता, त्या पिवळ्या पडलेल्या चळतीचा होता, पण समोर तिच्याखेरीज कुणी नव्हते. “परीक्षेत पहिली आलीस तू. सासूबाईंनी गावभर सांगितलंय. एका चेंडूपायी सगळं घालवणार का?”

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, मी तिची कलमे म्हणून घेत असे आणि एखादे चुकले की ती जशी थांबून नीट आठवायची, तशी.

“आनी तिला काय सांगू, ताई?” ती म्हणाली. “तुला दिलं नव्हतं, हातातनं पडलं होतं, असं?”

हवालदारांनी खिडकीबाहेर पाहिले. मग माझे अक्षर चांगले म्हणून पेन त्यांनी माझ्याच हातात दिले. जबाब मॅडमनीच लिहावा, खाली जाऊबाई सही करतील, असे ते म्हणाले. मी नाव लिहिले, वय, गाव, तालुका शहापूर. मग त्या ओळीपाशी आले. छापील प्रश्नापुढे दोन बोटे रिकामी जागा होती. पेन टेकवून मी विचारले, “सुटला, असं लिहू ना?”

जावेने बोटावरचा पदर सोडला, तो मांडीवर नीट केला आणि माझ्या हातातल्या पेनाकडे बघत म्हणाली,

“मुद्दाम.”